ड्राफ्टमध्ये वरच्या क्रमांकावर निवडलेला नवखा बास्केटबॉलपटू कसा पारखावा

एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) दरवर्षी ड्राफ्ट भरवते, म्हणजे संघ नव्या खेळाडूंना क्रमाने निवडतात. २०१५च्या ड्राफ्टमध्ये फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सनी जलिल ओकाफोरला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. पहिल्याच मोसमात त्याने सामन्यामागे १७.५ गुण काढले आणि ऑल-रूकीच्या पहिल्या संघात (मोसमातल्या सर्वोत्तम पाच नवोदितांच्या यादीत) जागा मिळवली. ऑक्टोबर २०१७मध्ये त्याच संघाने त्याच्या कराराचं चौथं वर्ष घ्यायला नकार दिला. २००७मध्ये दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या केव्हिन ड्युरंटनेही पहिल्या मोसमात भरपूर गुण काढले, सामन्यामागे २०.३. त्याचे तीन गुणांचे शॉट मात्र २८.८ टक्केच पडत होते. दोघांचेही संघ सपाटून हरत होते: ओकाफोरचा १० विजय, ७२ पराभव, ड्युरंटचा २० विजय, ६२ पराभव. गुणांच्या रकान्यावरून या दोघांतला फरक कळणं अशक्य होतं. फ्री थ्रोच्या (समोरच्याने फाऊल केल्यावर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटच्या) रकान्यावरून बराच कळला असता. ओकाफोरने ड्यूक विद्यापीठात फ्री थ्रो ५१ टक्के मारले होते, ड्युरंटने त्या पहिल्या मोसमात ८७.३ टक्के.

पारख करायची ती याच पद्धतीने. नवख्याच्या आकड्यात तीन गोष्टींची मिसळ असते: त्याचं स्वतःचं कसब, संघाने त्याला दिलेली जागा आणि निव्वळ योगायोग. पहिली गोष्ट त्याच्याबरोबर पुढे जाते, दुसरी प्रशिक्षक बदलला की बदलते, तिसरी आपोआप विरते. तिन्ही वेगळ्या काढल्याशिवाय मत बनवू नका.

मोसम सुरू होण्याआधी एक पान भरा

सर्वात वर वय लिहा, आणि तेही महिन्यांसकट. एनबीएच्या नियमानुसार खेळाडू ड्राफ्टच्या वर्षात किमान १९ वर्षांचा व्हावा लागतो, त्यामुळे एकाच यादीत १९चा आणि २२चा खेळाडू शेजारी शेजारी असतात. या तीन वर्षांची किंमत लोक फार कमी धरतात. २०१३च्या यादीत मायकल कार्टर-विल्यम्स अकरावा होता आणि यानिस आंतेतोकुंपो पंधरावा. पहिल्या मोसमात कार्टर-विल्यम्सचे १६.७ गुण, ६.२ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेला चेंडू), ६.३ असिस्ट (सहकाऱ्याने बास्केट केलेला पास), वर्षातला सर्वोत्तम नवोदित तोच. यानिसचे गुण ६.८. पण मोसम सुरू झाला तेव्हा कार्टर-विल्यम्सने बाविशी गाठली होती आणि यानिस अजून १८चा होता. नुसता हा वयाचा फरक पाहून यानिस पुढे एवढा मोठा होईल असं कुणी म्हणू शकलं नसतं, पण दोघांना एका तराजूत तोलायचं नाही एवढं नक्की म्हणता आलं असतं.

वयाखाली मापं. शिकागोच्या ड्राफ्ट कंबाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांत) बुटांशिवायची उंची, दोन्ही हात पसरल्यावरचा फैलाव आणि उभ्याने हात वर केल्यावरची पोच मोजतात. उंचीपेक्षा फैलाव आणि पोच महत्त्वाची, कारण शॉट अडवायला डोकं कामी येत नाही, हात कामी येतो. वजन आणि ताकद मात्र ठळक अक्षरात लिहू नका. ड्युरंटला कंबाइनमध्ये १८५ पौंडांचा, म्हणजे साधारण ८४ किलोंचा बेंच प्रेस एकदाही उचलता आला नव्हता. ताकद जिममध्ये वाढते. हाताची लांबी वाढत नाही.

मग फ्री थ्रो: टक्केवारी आणि किती मारले तो आकडा, दोन्ही. तीन गुणांच्या शॉटची टक्केवारी त्याखाली लिहा, वर नको. कॉलेजची तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर, एनबीएची कोपरे सोडून ७.२४ मीटरवर. अर्धा मीटर मागे सरकल्यावर कॉलेजातली टक्केवारी टिकेल का, हे ती टक्केवारी स्वतः फारसं सांगत नाही, कारण ती शंभर-दीडशे शॉटांवर उभी असते. फ्री थ्रो कुणाच्याही अडथळ्याशिवाय, एकाच जागेवरून, एकाच तालात मारला जातो. हाताची खरी सफाई तिथे दिसते.

२०१७चे पहिले तीन क्रमांक याचा चांगला नमुना आहेत. मार्केल फुल्ट्झ: कॉलेजात तीन गुणांचे ४१.३ टक्के, फ्री थ्रो ६४.९. लॉन्झो बॉल: ४१.२ आणि ६७.३. जेसन टेटम: ३४.२ आणि ८४.९. नुसता तीन गुणांचा रकाना वाचणाऱ्याला तिघांत टेटम सर्वात कच्चा वाटला असता. एनबीएच्या पहिल्या मोसमात टेटमने ४३.४ टक्के मारले, बॉलने ३०.५. फुल्ट्झचा शॉट तर मोडूनच पडला, पण त्यात खांद्यापाशी नस दबण्याचा मोठा भाग होता (थोरॅसिक आउटलेट सिंड्रोमचं निदान डिसेंबर २०१८मध्ये झालं), म्हणून त्याचं सगळं खापर फ्री थ्रोवर फोडणं अन्यायाचं होईल. शिवाय जेलन ब्राऊनसारखे अपवादही असतात. कॉलेजात त्याचे फ्री थ्रो ६५.४ टक्के होते, तरी नंतर त्याने शॉट कमावला. फ्री थ्रो हा भरवशाचा कल आहे, कायदा नव्हे.

उरलेल्या तीन नोंदी झटपट होतात. असिस्ट भागिले टर्नओव्हर (समोरच्या संघाला गमावलेले चेंडू). स्टील (हिसकावलेले चेंडू) आणि ब्लॉक (अडवलेले शॉट) मिळून ४० मिनिटांमागे किती. आणि तो कुणाविरुद्ध खेळून आला. शेवटची नोंद परदेशी खेळाडूंच्या बाबतीत फार मोलाची ठरते. लुका डॉनचिच २०१८मध्ये एकोणिसाव्या वर्षी युरोलीगचा (युरोपातल्या क्लबांच्या वरच्या स्पर्धेचा) सर्वोत्तम खेळाडू ठरला होता, तोही अनुभवी व्यावसायिकांसमोर. असा पुरावा कॉलेजच्या कितीतरी आकड्यांना भारी पडतो. तरीही तो तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला.

उन्हाळी सामने

लास व्हेगासची समर लीग पाहा, पण टक्केवारी लिहूच नका. सामने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, प्रत्येकी ४० मिनिटांचे, आणि समोर उभे असलेल्यांपैकी बहुतेकांना एनबीएत कायमची जागा मिळणार नसते. हिशेब करून बघा. ज्याची खरी क्षमता ३५ टक्के आहे असा नेमबाज २५ शॉट मारतो, तेव्हा केवळ योगायोगाने तो १६ टक्क्यांवरही दिसू शकतो आणि ५४वरही.

बघायचं ते वेगळं. कमकुवत हाताने बचावपटूला मागे टाकता येतं का? अंगाला अंग भिडल्यावर शॉटचा तोल जातो का? आणि शॉटची ठेवण कॉलेजात होती तीच आहे, की संघाने बदलायला घेतली आहे? ठेवण बदलायला घेतली असेल तर पुढचं वर्षभर त्याची टक्केवारी खाली राहिली तरी घाबरू नका.

संघाने त्याला कुठे उभं केलंय

पहिले दहा सामने बघताना खेळाडूइतकंच त्याच्या भोवतालच्या चौघांकडे लक्ष द्या. चौघांपैकी किती जण बाहेरून खरोखर शॉट टाकतात? दोनपेक्षा कमी असतील, तर समोरचा संघ पेंटमध्ये (रिंगखालच्या रंगवलेल्या भागात) गर्दी करून बसतो आणि रिमकडे (रिंगकडे) घुसणाऱ्या नवख्याला वाटच सापडत नाही. पास देणारा पॉइंट गार्ड (चेंडू हाताळून खेळ रचणारा खेळाडू) आहे की नाही? व्हिक्टर वेम्बान्यामाच्या पहिल्या मोसमात, २०२३-२४मध्ये, सॅन अँटोनियोने सुरुवातीला जेरेमी सोहान या फॉरवर्डला (गार्डपेक्षा उंच, बाजूने आणि रिंगजवळ खेळणाऱ्याला) पॉइंट गार्ड म्हणून खेळवून पाहिलं. उंच खेळाडूला रिमजवळ चेंडू मिळावा कसा, हाच तिथे प्रश्न होऊन बसला. पुढे वेम्बान्यामा सेंटरच्या (रिंगजवळच्या उंच खेळाडूच्या) जागी आला, ट्रे जोन्स हा खरा पॉइंट गार्ड सुरुवातीच्या पाचात आला, आणि वेम्बान्यामाची नेमबाजी सुधारली. खेळाडू तोच, चेंडू मिळण्याची जागा बदलली.

ड्युरंटलाही पहिल्या वर्षी शूटिंग गार्ड (बाहेरून शॉट टाकणारा गार्ड) म्हणून खेळवलं होतं. दुसऱ्या मोसमात प्रशिक्षक बदलले, तो फॉरवर्डच्या जागी गेला आणि तीन गुणांचे शॉट ४२.२ टक्क्यांवर गेले.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी. कार्टर-विल्यम्सचा फिलाडेल्फिया संघ त्या मोसमात लीगमध्ये सर्वात वेगाने खेळत होता. जास्त वेग म्हणजे सामन्यामागे जास्त चाली (चेंडू ताब्यात येण्याच्या वेळा), म्हणजे सगळ्यांचेच आकडे फुगतात. संघ १९ सामने जिंकला आणि ६३ हरला; चेंडू हातात ठेवायला दुसरं कुणी नव्हतं. मैदानी शॉट (फ्री थ्रो सोडून बाकी सगळे) त्याने ४०.५ टक्के मारले आणि तीन गुणांचे २६.४. फेब्रुवारी २०१५मध्ये संघाने त्याला मिलवॉकीला देऊन टाकलं. म्हणून दर सामन्याचे आकडे न घेता १०० चालींमागचे घ्या, ते नसतील तर निदान ३६ मिनिटांमागचे. मात्र जो सामन्यात १२ मिनिटंच खेळतो, त्याच्या ३६ मिनिटांच्या आकड्यावर विसंबू नका. ती बहुधा राखीव खेळाडूंसमोरची १२ मिनिटं असतात.

आकडे मांडायचे कसे

पाच रकाने पुरेत: खरी नेमबाजी, फ्री थ्रो किती मिळवतो, असिस्ट-टर्नओव्हर, तीन गुणांचे शॉट किती टाकतो (पडतात किती ते नंतर), आणि उंच खेळाडू असेल तर ३६ मिनिटांमागे फाऊल.

खऱ्या नेमबाजीचं सूत्र साधं आहे. मैदानी शॉटांची संख्या घ्या, त्यात फ्री थ्रोची संख्या ०.४४ने गुणून मिळवा, बेरजेची दुप्पट करा आणि त्याने एकूण गुणांना भागा. समजा एखादा नवखा सामन्याला १७ गुण काढतो, त्यासाठी १६ शॉट आणि ४ फ्री थ्रो घेतो. ४ गुणिले ०.४४ म्हणजे १.७६, त्यात १६ मिळवले की १७.७६, दुप्पट ३५.५२. १७ला त्याने भागलं की साधारण ४७.९ टक्के येतात. अलीकडच्या मोसमांत लीगची सरासरी ५७-५८ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे सतरा गुणांचा हा चकचकीत आकडा संघाला महागात पडतोय. तरी लगेच फुली मारायची नाही: चेंडू हाताळणारा एकोणीस वर्षांचा गार्ड पहिल्या वर्षी पन्नाशीच्या आसपास असणं नेहमीचंच आहे. बाविशीचा असेल तर काळजी करा.

तीन गुणांच्या शॉटच्या टक्केवारीला एवढं मागे का ठेवायचं? २०० शॉट मारूनही, खरी क्षमता ३५ टक्के असलेला खेळाडू निव्वळ योगायोगाने २८ ते ४२च्या दरम्यान कुठेही सापडू शकतो. २८ म्हणजे "याला शॉट नाही" आणि ४२ म्हणजे "हा भन्नाट नेमबाज", एकाच माणसाबद्दल. किती शॉट टाकतो ही संख्या मात्र लवकर स्थिर होते, आणि त्यात त्याचा आत्मविश्वास आणि संघाचा भरवसा दोन्ही दिसतात. फ्री थ्रो चांगले आहेत, मोकळा शॉट टाकायला कचरत नाही, पण आज टक्केवारी ३०ची आहे, असा खेळाडू आमच्या मते डोळे झाकून धरून ठेवावा.

उंच खेळाडूंचे फाऊल वेगळे बघा. कॉलेजात पाच फाऊलवर बाहेर, एनबीएत सहावर, तरी ३६ मिनिटांमागे पाचच्या वर जाणारे नवे सेंटर पुष्कळ. फाऊल का होतात ते महत्त्वाचं. उशिरा पोचून हात मारल्याने होत असतील तर अंदाज चुकतोय, तो वर्ष-दोन वर्षांत सुधारतो. पाय हलत नाहीत म्हणून गार्डला मिठी मारावी लागत असेल, तर ते सहजी जात नाही.

मोसम वीस-वीस सामन्यांच्या तुकड्यांत मोडा. कॉलेजचा मोसम पस्तिशीच्या आसपास सामन्यांचा, हा ८२चा. त्यामुळे पस्तीस-चाळीस सामन्यांनंतर पाय जड होतात. फ्री थ्रो आखूड पडू लागतात, शॉट रिंगच्या पुढच्या कडेला लागतात. तिथे घसरण दिसली तर ती थकव्याच्या खाती टाका. त्यापुढे काय होतं ते खरं. २०२०चा पहिला क्रमांक अँथनी एडवर्ड्स ऑल-स्टार विश्रांतीपर्यंत (लीगच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी मोसमात मिळणाऱ्या सुटीपर्यंत) सामन्याला १५च्या आसपास गुण काढत होता, मैदानी शॉट ३७ टक्के. विश्रांतीनंतर गुण चोविसाच्या घरात आणि शॉट ४५ टक्क्यांच्या वर. पूर्ण मोसमाची सरासरी १९.३ आली, पण तसा खेळाडू त्या वर्षात कधी नव्हताच. एक आधीचा होता आणि एक नंतरचा. मधल्या काळात प्रशिक्षकही बदलला होता, हेही शेजारी लिहून ठेवायचं.

डोळ्यांनी बघायचं ते

चेंडू हाताळणाऱ्याची पारख पिक-अँड-रोलमध्ये होते. एका सामन्यातले दहा प्रसंग निवडा आणि चित्रफीत थांबवत बघा. सहकारी स्क्रीन लावतो (बचावपटूच्या वाटेत अंग आडवं घालून उभा राहतो), समोरचा सेंटर मागे सरकून रिमपाशी थांबतो, आपला गार्ड स्क्रीनच्या खांद्याला खांदा घासून बाहेर पडतो आणि दोन ड्रिबल टाकतो. आता चेंडू सोडून पलीकडच्या कोपऱ्यातल्या बचावपटूच्या पायांकडे बघा. रोल करणाऱ्या (स्क्रीननंतर रिंगकडे वळणाऱ्या) उंच खेळाडूला अडवायला तो एक पाऊल आत टाकतो. गार्डचा पास त्या पावलाच्या आधी सुटला, पावलाबरोबर सुटला, की पाऊल मागे गेल्यावर? आधी सुटला तर कोपऱ्यातला नेमबाज मोकळा आणि आपला गार्ड खेळ आधीच वाचतोय. नंतर सुटला तर तो जे दिसतंय त्याला उत्तर देतोय. दहापैकी किती पास वेळेवर सुटले ते ऑक्टोबरात लिहा, मार्चमध्ये पुन्हा लिहा. असिस्टचा आकडा सहकाऱ्याचा शॉट पडण्यावर अवलंबून असतो, वेळेवरच्या पासांचा हा आकडा तसा नसतो.

टर्नओव्हरचीही अशीच फोड करा. कोपऱ्यातल्या मोकळ्या माणसाकडे फेकलेला पास अडवला गेला, तर दृष्टी आहे, फक्त वेग चुकला. चेंडू स्वतःच्याच पायाला लागून गेला किंवा गर्दीत नेऊन हरवला, तर हाताची पकड कच्ची आहे. केड कनिंगहॅम, २०२१चा पहिला क्रमांक, पहिल्या मोसमात सामन्याला ३.७ टर्नओव्हर करत होता आणि शॉट ४१.६ टक्के मारत होता. पण पास बघण्याची नजर होती, फ्री थ्रो ८४.५ टक्के होते. २०२४-२५मध्ये तो २६.१ गुण आणि ९.१ असिस्टवर पोचला.

बचावात चेंडूवरचा प्रसंग सगळेच बघतात. तुम्ही चेंडू नसतानाचा बघा. कोपऱ्यात उभा असताना तो मान वळवून आपला माणूस आणि चेंडू दोन्ही नजरेत ठेवतो का, की चेंडूकडे टक लावून बसतो आणि माणूस मागून कापून जातो? मदतीला आत गेल्यावर बाहेरच्या नेमबाजाकडे परतताना शेवटची दोन पावलं आखडती घेतो का? धावत सुटला आणि थांबता आलं नाही, तर नेमबाज चेंडू खाली टाकून सरळ बाजूने निघून जातो. एकदा चकल्यावर तो चाल सोडून देतो की पुन्हा मागे लागतो? पहिल्या चुकीपेक्षा ही तिसरी गोष्ट आम्हाला जास्त सांगून जाते.

प्लस-मायनसवर (तो मैदानात असताना संघाने काढलेले गुण उणे खाल्लेले गुण) पहिल्या वर्षी मत ठरवू नका. वाईट संघात तो कुणाबरोबर मैदानात होता, याचाच तो आकडा असतो.

दुखापत

किती सामने चुकले यापेक्षा कुठली दुखापत आणि कुठला काळ गेला हे बघा. अँथनी बेनेट, २०१३चा पहिला क्रमांक, खांद्याच्या शस्त्रक्रियेमुळे उन्हाळा गमावून आला. शरीर तयार नव्हतं, पहिल्या मोसमात ४.२ गुण आणि ३५.६ टक्के शॉट. जेम्स वाइजमन कॉलेजात तीनच सामने खेळला होता, एनबीएच्या पहिल्या मोसमात ३९ आणि दुसरा मोसम गुडघ्यापायी पूर्ण गेला. सेंटरला बचावाची भाषा सामन्यांतूनच शिकावी लागते आणि नेमके तेच त्याला मिळाले नाहीत. उंच खेळाडूंच्या बाबतीत पायाची छोटी हाडं आणि गुडघ्यातली कूर्चा या दोन ठिकाणांना जास्त घाबरा. जोएल एम्बीडचे पहिले दोन मोसम पायाच्या हाडापायी गेले. तो पुढे मोठा खेळाडू झाला, पण शरीराची काळजी सुटली नाही.

मत कधी बदलायचं

"चालेल" किंवा "फुकट गेला" असं एका शब्दात लिहू नका. टक्क्यांत लिहा: ऑल-स्टार होण्याची शक्यता इतकी, कायम सुरुवातीच्या पाचात राहण्याची इतकी, राखीव म्हणून टिकण्याची इतकी, लीगबाहेर जाण्याची इतकी. बेरीज शंभर. शेजारी तारीख.

वीस सामन्यांनंतर आमचा अंदाजपंचे हिशेब असा: मोसमाआधीच्या पानाला चार भाग वजन, नव्या आकड्यांना एक. पहिला मोसम संपताना दोन्ही सारखे. दुसऱ्या मोसमाच्या मध्यावर एनबीएतल्या आकड्यांना दुप्पट. नोव्हेंबरात एका आठवड्याच्या खेळावर शक्यता वीस टक्क्यांनी हलली असेल, तर हिशेब चुकलाय.

संघाचं स्वतःचं वेळापत्रकही जवळ ठेवा. पहिल्या फेरीतल्या खेळाडूच्या करारात पहिली दोन वर्षं पक्की असतात, तिसरं आणि चौथं संघाच्या मर्जीवर. तिसऱ्या वर्षाचा निर्णय पहिला मोसम संपल्यावर येणाऱ्या ३१ ऑक्टोबरपर्यंत, चौथ्याचा त्यानंतरच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत. तिसरा मोसम संपल्यावर मुदतवाढीची बोलणी सुरू होऊ शकतात. वरच्या पाच क्रमांकांवर घेतलेल्या खेळाडूची ही वर्षं संघ सहसा नाकारत नाहीत, कारण नाकारणं म्हणजे आपली निवड चुकली असं जाहीर करणं. म्हणून वर्ष वाढवलं हा खेळाडू चांगला असल्याचा पुरावा धरू नका. नाकारलं, तर आतल्या माणसांना सरावात जे दिसलं ते आकड्यांपेक्षा वाईट आहे असं समजा, आणि आपलं पान काढून फ्री थ्रो, वय आणि दहापैकी वेळेवर सुटलेले पास पुन्हा तपासा.